तीन दिवस बर्फाचे, बाकीचे खोऱ्याचे

धनुर्मास लागला की अहिल्यानगरच्या कापड बाजारातील गर्दी ओसरू लागते. लग्नाचे मुहूर्त थांबतात, सराफांकडील खरेदी संक्रांतीनंतरवर जाते आणि वर्षभर गल्ल्याजवळून न हललेल्या घरधन्यालाही दहा-बारा दिवसांची मोकळीक दिसू लागते. संगमनेर असो, श्रीरामपूर असो वा शेवगाव, व्यापारी घरांत सहलीचा विषय निघण्याची हीच वेळ. नातवंडांचा हट्ट एकच असतो, बर्फ पाहायचा. अलीकडे त्यात भर पडली आहे ती स्कीइंगची, म्हणजे पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याच्या खेळाची.

हट्ट पुरवायचा ठरला की मनाली, गुलमर्ग आणि ऐपत असेल तर स्वित्झर्लंड ही नावे पुढे येतात. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातील औलीचे नाव त्या मानाने कमी घरांत निघते. वास्तविक २०११ च्या जानेवारीत पहिल्या दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडा स्पर्धा डेहराडून आणि औली येथे झाल्या होत्या. सुमारे अडीच ते तीन हजार मीटर उंचीवरचे औलीचे उतार देशातील चांगल्या उतारांत गणले जातात आणि समोर ७,८१६ मीटर उंचीचे नंदादेवी शिखर उभे असते. परंतु औलीचे खरे मोल तेवढ्यात संपत नाही. औलीला नेणारी अलकनंदेच्या खोऱ्यातील वाट तीर्थे, नद्यांचे संगम, जुने व्यापारी मार्ग आणि अलीकडच्या इतिहासातील काही मोठे धडे यांनी भरलेली आहे. म्हणून या सहलीची आखणी करताना बर्फाला तीन दिवस द्यावेत आणि बाकीचे सारे दिवस खोऱ्याला द्यावेत.

एकाच मालावर सारे भांडवल नको

असे का करावे, हे व्यापाऱ्याला समजावून सांगण्याची गरज पडू नये. सारे भांडवल एकाच मालात अडकवणारा दुकानदार एका वाईट हंगामात बसतो. केवळ स्कीइंगसाठी काढलेली सहल नेमकी अशीच असते, कारण बर्फ कोणाच्या हुकमातला नाही. औलीत साधारणपणे डिसेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या आरंभापर्यंत बर्फ असतो आणि जानेवारीचा उत्तरार्ध व फेब्रुवारी हा त्यातला भरवशाचा काळ. व्यापाऱ्याची सवड मात्र संक्रांतीपूर्वीची, म्हणजे हंगामाच्या तोंडाची. त्यातही गेल्या काही वर्षांत हिमवर्षावाचे वेळापत्रक बिघडले आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तर पुरेसा बर्फ नसल्याने औलीतील स्पर्धाच होऊ शकल्या नाहीत. अशा वर्षी केवळ बर्फासाठी गेलेले कुटुंब हॉटेलच्या खिडकीतून तपकिरी उतार पाहून परत येते.

दुसरी गोष्ट कुटुंबाच्या वयाची. एकत्र कुटुंब सहलीला निघते तेव्हा त्यात सात वर्षांचा नातू असतो, पंचविशीतला मुलगा असतो, कंबरेच्या दुखण्याने बेजार झालेली काकू असते आणि सत्तरीतले आजोबा असतात. स्की पायाला बांधणारे त्यांतले तिघे-चौघेच. उरलेल्यांनी सात दिवस काय करावे, याचा विचार सहल ठरवताना होत नाही आणि मग तिसऱ्या दिवसापासून कुरबुर सुरू होते. खोऱ्यातील पाहण्याजोग्या स्थळांना दिवस वाटून दिले की प्रत्येकाच्या वाट्याला आपापला दिवस येतो.

तिसरी गोष्ट खेळाची. नवशिक्याचे शरीर या खेळाला दिवसातून तीन-चार तासांपलीकडे साथ देत नाही. स्कीचे बूट कडक आणि जड असतात, मांड्या भरून येतात आणि दमलेल्या पायांनीच बहुतेक दुखापती होतात. ज्यांना खेळ मनापासून शिकायचा आहे, त्यांच्यासाठी गढवाल मंडल विकास निगमाचे सात व चौदा दिवसांचे वर्ग असतात. तरुणांनी त्यांसाठी स्वतंत्र जावे. कुटुंबासह गेलेल्या नवशिक्याला गोडी लागण्यास तीन दिवस पुरेसे होतात.

हस्तिनापूरपासून श्रीनगरपर्यंत

अहिल्यानगरहून दिल्लीला जाण्यासाठी गोवा एक्सप्रेस आणि कर्नाटक एक्सप्रेस या थेट गाड्या आहेत. वेळ वाचवायचा असल्यास शिर्डी वा पुण्याच्या विमानतळाचा विचार करता येतो. दिल्लीत उतरल्यावर सरळ हरिद्वारची वाट धरण्याऐवजी मेरठजवळचे हस्तिनापूर मुक्कामासाठी निवडावे. दिल्लीहून ते सुमारे ११० किलोमीटर आहे. भगवान शांतिनाथ, कुंथुनाथ आणि अरनाथ या तीन तीर्थंकरांची ही जन्मभूमी. भगवान ऋषभदेवांच्या दीर्घ तपाचे पारणे राजा श्रेयांसाने इक्षुरसाने घडवले ते येथेच, अशी परंपरा आहे. अक्षय तृतीयेला वर्षीतपाच्या पारण्यासाठी देशभरातून तपस्वी येथे येतात. जंबूद्वीपाची भव्य रचना, अष्टापद आणि जुनी मंदिरे पाहण्यास एक पूर्ण सकाळ लागते. धर्मशाळा व भोजनशाळा असल्याने प्रवासाच्या पहिल्याच टप्प्यावर वडीलधाऱ्यांची जेवणाची चिंता मिटते.

जानेवारीत या भागातील उसाचा हंगाम ऐन भरात असतो. मुजफ्फरनगर ही गुळाची मोठी बाजारपेठ आहे आणि त्या बाजूला गुऱ्हाळांचा धूर रस्त्यावरूनही दिसतो. ज्या जिल्ह्यात प्रवरानगरसारखा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेथील माणसाला हे दृश्य परके वाटणार नाही. गुळाची प्रत, बांधणी आणि भाव यांवर तासभर गप्पा मारण्याची संधी आडत्यांच्या घरातील मंडळी सहसा सोडत नाहीत.

हरिद्वारला पोहोचल्यावर अहिल्यानगरच्या प्रवाशाला एक नाते आठवावे लागते. जिल्ह्याला जिचे नाव मिळाले, त्या अहिल्याबाई होळकरांचा जन्म १७२५ मध्ये जामखेड तालुक्यातील चौंडी येथे झाला. हरिद्वारचा कुशावर्त घाट त्यांनी बांधवला आणि पुढे केदारनाथ-बदरीनाथच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या. डोंगरातून पायी चालणाऱ्या अनोळखी माणसाला रात्री छप्पर मिळावे, ही त्यामागची दृष्टी. चौंडीपासून अलकनंदेपर्यंतचे हे अंतर त्या काळात ओलांडले गेले, ते राजकारणाने नव्हे, परोपकाराने. मुलांना हा घाट दाखवताना एवढे सांगितले तरी जिल्ह्याच्या नावाचा अर्थ त्यांना पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक कळेल. हरिद्वारमध्येच चिंतामणी पार्श्वनाथांचे देखणे मंदिर आहे. त्याचे दर्शन जाताना वा येताना घ्यावे.

हरिद्वार ते जोशीमठ हे अंतर सुमारे २७५ किलोमीटर. नकाशावर ते एका दिवसाचे वाटते, पण डोंगरी रस्त्यावर वृद्ध व लहान मुलांसह ते दोन दिवसांत करावे. अंधारात घाटरस्त्याने प्रवास करू नये, हा नियम कसोशीने पाळावा. या वाटेवर प्रथम देवप्रयाग लागते. येथे भागीरथी आणि अलकनंदा एकत्र येतात आणि पुढच्या प्रवाहाला गंगा हे नाव मिळते. हिवाळ्यात गाळ खाली बसलेला असतो, पाणी निळे-हिरवे होते आणि संगमातील दोन्ही रंग स्पष्ट ओळखू येतात. पावसाळ्यातील यात्रेकरूला हे दृश्य लाभत नाही. पुढे रुद्रप्रयागला मंदाकिनी, कर्णप्रयागला पिंडर, नंदप्रयागला नंदाकिनी आणि जोशीमठापलीकडे विष्णुप्रयागला धौलीगंगा अलकनंदेला मिळते. हे पाच प्रयाग मोजत जाणे हा मुलांसाठी भूगोलाचा उत्तम तास ठरतो.

पहिल्या दिवसाचा मुक्काम गढवालमधील श्रीनगर येथे करावा. येथे अलकनंदेच्या काठी दिगंबर जैन मंदिर आहे. या गावाची एक कथा सांगण्याजोगी आहे. १८९३ मध्ये वरच्या खोऱ्यात प्रचंड दरड कोसळून बिरही नदीचा प्रवाह अडला आणि गोहना येथे मोठे सरोवर तयार झाले. बांध कधीतरी फुटणार हे अभियंत्यांनी ओळखले. त्यांनी पाण्यावर पाळत ठेवली, खोऱ्यात तारयंत्राची सोय केली आणि वेळेवर लोकांना उंचावर हलवले. १८९४ च्या ऑगस्टमध्ये बांध फुटला, जुने श्रीनगर वाहून गेले, पण प्राणहानी जवळजवळ झाली नाही. सूचना दिली गेली, ती ऐकली गेली आणि माणसे वाचली. या वाटेवर पुढे जे पाहायचे आहे, त्यासाठी ही कथा ध्यानात ठेवावी.

जोशीमठ : व्यापाऱ्यांची जुनी पेठ

जोशीमठ, अर्थात ज्योतिर्मठ, सुमारे १,८९० मीटर उंचीवर आहे. एकदम औलीला न चढता येथे एक दिवस थांबावे. शरीराला उंचीची सवय होते आणि गावही पाहून होते. आद्य शंकराचार्यांच्या परंपरेतील मठ येथे आहे. बदरीनाथचे मंदिर हिवाळ्यात बंद असते, त्या काळात तेथील शंकराचार्यांची गादी जोशीमठच्या नृसिंह मंदिरात येते. मंदिरातील मूर्तीचे एक मनगट हळूहळू बारीक होत आहे आणि ते तुटेल त्या दिवशी बदरीनाथची वाट बंद होईल, अशी लोकश्रद्धा आहे. जैन परंपरेत ऋषभदेवांचे निर्वाण अष्टापदावर झाले असे मानतात आणि त्या स्मृतीचे एक स्थान बदरीनाथ येथे आहे. पण तेथील दर्शनासाठी उन्हाळ्यातच यावे लागते. हिवाळी सहलीत ती अपेक्षा ठेवू नये.

व्यापारी घरातील माणसाने येथे आवर्जून चौकशी करावी ती नीती आणि माणा खोऱ्यांतील भोटिया समाजाची. १९६२ पर्यंत हे लोक उंच खिंडी ओलांडून तिबेटशी व्यापार करीत. येथून धान्य, गूळ, कापड जाई; तिकडून मीठ, टाकणखार आणि लोकर येई. माल वाहण्यासाठी शेळ्या-मेंढ्यांच्या पाठीवर लहान गोण्या बांधल्या जात. पलीकडचा व्यापारी ठरलेला असे आणि तो संबंध पिढ्यान्‌पिढ्या चाले. हा व्यवहार दिलेल्या शब्दावर उभा होता. ज्या घरांत आजही जुन्या रोजमेळाच्या वह्या जपून ठेवलेल्या आहेत, त्यांना ही व्यवस्था ओळखीची वाटेल. १९६२ च्या युद्धानंतर सीमा बंद झाली आणि एका हंगामात पूर्ण समाजाचा धंदा बुडाला. त्यांनी लोकरीचे विणकाम, शेती आणि नोकऱ्या यांच्या आधारे पुन्हा घरे उभी केली. हिवाळ्यात ही कुटुंबे वरची गावे सोडून चमोलीच्या आसपासच्या खालच्या गावांत राहायला येतात. त्यांनी विणलेली पंखी किंवा आसन थेट त्यांच्याकडून घेतले, तर प्रवासाची आठवण आणि विणकराची मजुरी दोन्ही साधतात.

जोशीमठापासून सुमारे २५ किलोमीटरवर, मलारीच्या रस्त्यावर रैणी हे छोटे गाव आहे. २६ मार्च १९७४ रोजी ठेकेदाराची माणसे जंगल तोडण्यास आली, तेव्हा गावातील पुरुष बाहेरगावी गेलेले होते. गौरा देवींच्या नेतृत्वाखाली गावच्या स्त्रिया झाडांना बिलगून उभ्या राहिल्या आणि तोड थांबली. चिपको आंदोलनाची सुरुवात त्याआधी एक वर्ष, १९७३ मध्ये, याच जिल्ह्यातील मंडल येथे झाली होती. तेथे शेतकऱ्यांना औतासाठी लाकूड नाकारून खेळाचे साहित्य बनवणाऱ्या एका कंपनीला झाडे देण्यात आली होती. वनस्पतिकायालाही जीव मानून अहिंसेचा विचार करणाऱ्या समाजाला रैणीची वाट परकी वाटू नये. खेळासाठी आलेल्या पाहुण्याने खेळाच्या साहित्यापायी तुटणार असलेल्या जंगलाची ही गोष्ट ऐकून जावे, हे तर अधिकच उचित.

औलीचे तीन दिवस

जोशीमठहून औलीला जाणारा सुमारे चार किलोमीटर लांबीचा रोपवे जानेवारी २०२३ मध्ये बंद करण्यात आला. तेव्हापासून रस्त्याने जावे लागते. बर्फ पडलेला असल्यास टायरला साखळ्या लावलेली स्थानिक गाडीच घ्यावी आणि मैदानातून आणलेला चालक कितीही कुशल असला तरी त्याच्यावर हा भार टाकू नये.

पहिल्या दिवशी प्रशिक्षकाकडून तीनच गोष्टी शिकाव्यात : पडावे कसे, उठावे कसे आणि थांबावे कसे. पडताना कुशीवर पडावे. हात मागे टेकू नयेत, कारण मनगटाची दुखापत तशीच होते. थांबण्यासाठी दोन्ही स्कींची पुढची टोके जवळ आणि मागची टोके दूर न्यावीत. आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग कमी होतो. एवढे जमल्याशिवाय वरच्या उतारावर जाऊ नये. दुसऱ्या दिवशी वळणे आणि तिसऱ्या दिवशी थोडा लांब उतार, एवढा क्रम पुरे. बूट, स्की आणि काठ्या तेथे भाड्याने मिळतात, विकत घेण्याची गरज नाही. नेहमीच्या प्रवास विम्यात साहसी खेळांतील दुखापत धरलेली असतेच असे नाही. निघण्यापूर्वी कागद वाचून घ्यावा.

न खेळणाऱ्यांचे दिवसही रिकामे जात नाहीत. खुर्चीच्या पाळण्यातून वर जाऊन नंदादेवी, द्रोणागिरी, हाथी आणि घोडी पर्वत पाहता येतात. चालू शकणाऱ्यांनी स्थानिक वाटाड्या घेऊन गोरसों बुग्याल या हिरवळीच्या पठाराकडे जावे; हिवाळ्यात ते पांढरेशुभ्र असते. बर्फ कमी असेल त्या वर्षी तर तरुणांनीही स्की बाजूला ठेवून हीच वाट धरावी. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे, त्यांच्यासाठी सकाळच्या उन्हात सामायिक करून शिखरांकडे पाहत बसणे हाही दिवसाचा पूर्ण कार्यक्रम होऊ शकतो. हृदयविकार वा श्वासाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतल्यावाचून ही उंची चढू नये.

सूर्यास्त, स्वयंपाक आणि कपडे

चौविहार पाळणाऱ्यांनी एक हिशेब घरूनच करून निघावे. जानेवारीच्या आरंभी अहिल्यानगरला सूर्य सहा वाजून गेल्यावर मावळतो, तर जोशीमठला साडेपाचच्या आधीच. सूर्योदय दोन्हीकडे सातच्या सुमारास होतो. म्हणजे नवकारसीची वेळ जवळजवळ तीच राहते, पण संध्याकाळचे जेवण सुमारे चाळीस मिनिटे अलीकडे येते. शिवाय उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते. औलीच्या वरच्या भागात ते ९१ अंशांच्या आसपास उकळते. त्यामुळे राजमा वा डाळ शिजण्यास नेहमीपेक्षा वेळ लागतो. चार वाजता स्वयंपाकघरात सांगून पाच वाजता ताट मिळेल, ही आशा धरू नये. सकाळी न्याहारीच्या वेळीच संध्याकाळचे जेवण आणि उकळलेले पाणी यांची सूचना द्यावी. खेळणाऱ्यांनी तीन वाजता बर्फ सोडावा. दमलेल्या पायांनाही तेच हितकर आहे.

कंदमुळे वर्ज्य असणाऱ्यांना हिवाळ्यातील गढवालमध्ये बटाटा व मुळा टाळणे अवघड जाते, कारण तेथील रोजच्या भाज्या त्याच. ‘जैन जेवण’ एवढे म्हटल्याने तेथे अर्थबोध होईलच असे नाही. आलू, प्याज, लहसुन, अदरक, मूली, गाजर ही नावे स्पष्ट सांगावीत. पण त्याच खोऱ्यात जैन ताटाला साजेसे पुष्कळ पिकते. तेथील मंडुवा म्हणजे आपली नाचणी, गहत म्हणजे आपला हुलगा आणि झंगोरा आपल्या भगरीच्या जवळचा. मंडुव्याची भाकरी, गहतची डाळ, डोंगरी राजमा आणि भात हे जेवण तेथील घरगुती मुक्कामात सहज मिळते. बाहेरून आणलेल्या पाकिटातील पदार्थांपेक्षा ते ताजे असते आणि त्याचे पैसे गावातच राहतात. बरोबर खाकरा, मेथीचे ठेपले आणि कोरडी चटणी असली की रस्त्यातील वेळही निभावते.

कपड्यांच्या खरेदीतही विवेक हवा. थंडीची अनेक महागडी जाकिटे बदक-हंसांच्या पिसांनी भरलेली असतात आणि स्कीचे काही हातमोजे चामड्याचे असतात. आत काय भरले आहे, हे लेबलावर लिहिलेले असते. कृत्रिम तंतू भरलेली जाकिटे आणि चामडे नसलेले जलरोधक हातमोजे सर्वत्र मिळतात. ओलाव्यात ती पिसांच्या जाकिटांपेक्षा अधिक ऊब टिकवतात, हा त्यांचा व्यावहारिक लाभ. बर्फावरून परावर्तित होणारे ऊन डोळ्यांना इजा करते, म्हणून लहान मुलांसह सर्वांना गडद चष्मा आवश्यक आहे.

तडे गेलेल्या गावाचा पाहुणा

जोशीमठला जाताना एक प्रश्न टाळता येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये या गावची जमीन खचू लागली. आठशेहून अधिक इमारतींना तडे गेले आणि अनेक कुटुंबांना राहती घरे सोडावी लागली. गाव जुन्या दरडीच्या राड्यारोड्यावर वसलेले आहे, येथे जड बांधकाम करू नये, झाडे तोडू नयेत, असा इशारा मिश्रा समितीने १९७६ मध्येच दिला होता. श्रीनगरला १८९४ मध्ये सूचना ऐकली गेली, जोशीमठला ती फाइलीत राहिली. त्याआधी ७ फेब्रुवारी २०२१ रोजी ऋषिगंगा व धौलीगंगेला आलेल्या लोंढ्यात दोनशेहून अधिक माणसे मरण पावली वा बेपत्ता झाली, तेही याच परिसरात, रैणीच्या पायथ्याशी.

अशा ठिकाणी सहलीला जावे का, असे कोणी विचारील. गावातील घरगुती मुक्काम चालवणारे, गाडीचालक, वाटाडे आणि स्कीचे प्रशिक्षक यांची वर्षाची कमाई याच दोन-तीन महिन्यांत होते. पाहुणे येणे थांबले तर तडे गेलेल्या घराची डागडुजीही थांबते. म्हणून जावे, पण कसे जावे, याला महत्त्व आहे. जून २०१९ मध्ये एका धनाढ्य व्यापारी कुटुंबाने औलीत दोन विवाहांचा थाटमाट केला. मागे कित्येक टन कचरा उरला आणि उच्च न्यायालयाने त्या कुटुंबाला तीन कोटी रुपये अनामत ठेवण्यास सांगितले. अनामत रकमेने कचरा उचलता येतो, पण समाजात झालेली चर्चा पुसता येत नाही. ज्या समाजात परिग्रह-परिमाण व्रताचे संस्कार बालपणापासून होतात, त्यातील कुटुंबाने त्याच उतारांवर वेगळा कित्ता घालून द्यावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

ते कठीणही नाही. मोठ्या नव्या इमारतीऐवजी लहान घरगुती मुक्काम घ्यावा. गरम पाण्याचा नळ बेताने सोडावा; या उतारावर मुरणारे सांडपाणी हेही जमीन खचण्याचे एक कारण मानले गेले आहे. प्लास्टिकचे प्रत्येक वेष्टन पिशवीत भरून हरिद्वारपर्यंत परत आणावे. भाव करताना, समोरचा माणूस तडे गेलेल्या भिंतीत हिवाळा काढतो आहे, हे विसरू नये.

निघण्यापूर्वी

रेल्वेने जाऊन, हस्तिनापूर व श्रीनगरचे मुक्काम धरून आणि परतीचा डोंगरी रस्ताही दोन टप्प्यांत करून ही सहल तेरा दिवसांची होते. दिल्लीपर्यंत विमानाने गेल्यास अकरा दिवस पुरतात. मुलांच्या शाळेशी आधी बोलून घ्यावे. स्कीइंगचे दिवस शक्यतो मधले ठेवावेत आणि एक दिवस राखून ठेवावा. बर्फवृष्टीने रस्ता बंद झाला तर तो उपयोगी पडतो. जोशीमठला पोहोचण्यापूर्वी रस्त्याची, बर्फाची आणि रोपवेची स्थिती मुक्कामाच्या मालकाला दूरध्वनीवर विचारावी.

पायांची तयारी मात्र घरीच करावी लागते. सहलीआधी महिनाभर रविवारी सकाळी नगरच्या तरुणांनी चांदबिबी महालाची टेकडी चढावी. अकोले, संगमनेरच्या मंडळींना तर १,६४६ मीटरचे कळसूबाई जवळच आहे. बारी गावातून तेथे चढून-उतरून आल्यावर ज्याच्या मांड्या दुसऱ्या दिवशी तक्रार करीत नाहीत, त्याला औलीचा उतार जड जाणार नाही. आणि महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर आपल्याच जिल्ह्याच्या सीमेवर आहे, हे ज्या घरातील मुलांनी अद्याप पाहिलेले नाही, त्यांची सहल बर्फाच्या आधी तेथूनच सुरू व्हावी.